काठावरचा रेडिओ

रेडिओ निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गटात बारीक अक्षर वाचणारी मी एकटीच होते. बाकीचे वस्तू हातात घेऊन तिचं वजन बघायचे. मी आधी तिच्यासोबत आलेला कागद उलगडायचे.

हे घरातून आलेलं. माझे वडील तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. कामगारांच्या मागण्यांची, वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीची, चौदा एप्रिलच्या सभेची. गोष्टींची पुस्तकं आमच्या घरात फार नंतर आली. मी वाचायला शिकले ती कॉटखालच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. वडिलांनी लावलेली सवय अशी, की पत्रक हातात आलं की वरचं मोठं अक्षर शेवटी वाचायचं. आधी तळाशी जायचं. कुणी काढलंय, कुठे छापलंय, नाव दिलंय की नाही. नाव नसेल तर ते पत्रक घरात ठेवायचं नाही, मग त्यात आपल्या बाजूचं कितीही चांगलं लिहिलेलं असो.

आम्ही पाच जण होतो. दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ, सुदुंबऱ्याकडे कारखान्यात लागलेले. एक पिकअप चालवायचा, तो आमच्यात मोठा, त्याला सगळे दादाच म्हणायचे. मी लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात. आणि पाचवा माझा मित्र. रविवारी आंदर मावळात धरणाच्या फुगवट्यावर जमायचं आणि मासे धरायचे. परवाना काढला होता, कारण मी काढायला लावला होता. दोन कायाक होत्या. कायाक म्हणजे एका माणसाची लांबट प्लॅस्टिकची होडी, बसायचं वरच, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. लोणावळ्यातला पाण्याच्या खेळांचा एक धंदा बंद झाला तेव्हा त्या आम्ही जुन्यात उचलल्या. फुगवट्याच्या आतल्या भागात, जिथे बुडालेली झाडं अजून उभी आहेत, तिथे मरळ मिळायची. काठावरून गळ तिथवर पोचत नाही. कायाकने जावं लागतं, आणि डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली आहे ती वळून गेलं की मोबाइलची रेंज संपते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भावांपैकी धाकटा तिकडे उलटला. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तो पिशवीसकट गेला. हा पलीकडच्या काठावर ओल्या कपड्यांनी बसून राहिला आणि आम्ही अलीकडे जेवत होतो. त्याला मासे मिळताहेत म्हणून परतत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या गटाची एक पद्धत होती आणि ती मीच आणली होती, वडिलांच्या बैठकांमधून. काही चुकलं की ज्याचं चुकलं त्याने आपणहून उभं राहायचं, काय चुकलं ते स्वच्छ सांगायचं आणि बसायचं. तो उभा राहिला की विषय संपला. नंतर त्यावर कुणी बोलायचं नाही, चेष्टेतसुद्धा काढायचं नाही. धाकटा उभा राहिला. म्हणाला, लाइफ जॅकेट होतं, पण बूड दुखतं म्हणून त्याच्यावर बसलो होतो. दादाने हसू दाबलं. आम्ही शब्द पाळला, धाकट्याला आजवर कुणी काही म्हणालेलं नाही. मला त्या पद्धतीचा अभिमान होता. उभं राहून चूक सांगता येते तिथे माणसं एकमेकांना फसवत नाहीत, असं मला वाटायचं.

त्याच बैठकीत ठरलं, एकमेकांशी बोलता येणारे दोन रेडिओ घ्यायचे. एक पाण्यावर जाणाऱ्याच्या अंगावर, दुसरा काठावर. पाण्यावर कुणी असेपर्यंत काठावरचा माणूस हलणार नाही. निवड मी करायची.

लोणावळ्याच्या बाजारात एक दुकान आहे. पावसाळ्यात भुशीला जाणाऱ्यांना रेनकोट विकतं आणि उरलेलं वर्ष तंबू, दोर, जॅकेटं. दुकानदाराने काउंटरवर तीन रेडिओ मांडले. पहिला साधा वॉकीटॉकी, पारदर्शक पिशवीत घालून वापरायचा. दुसऱ्याच्या खोक्यावर पाण्याचा मोठा फवारा छापलेला. तिसरा जाड, काळा, नारिंगी पट्ट्याचा. तो समुद्रातल्या बोटींसाठीचा. पाण्यात पडला तर तरंगतो, वर दिवा लुकलुकतो, ताकद पाच वॅट.

मी तिन्ही पुस्तिका दुकानातल्या स्टुलावर बसून वाचल्या. पहिल्याबद्दल वाचायला काही नव्हतंच, पिशवीला दुकानदाराची हमी होती. फवाऱ्यावाल्याच्या आत, शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की तो शिंतोडे सहन करतो. शिंतोडे सहन करणं आणि पाण्यात राहणं यांत माणूस मरण्याइतकं अंतर आहे, पण खोक्यावर दोन्हींना एकच शब्द. मी दुकानदाराला ते पान दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी हे पान उघडलं नाही." तिसऱ्याच्या पुस्तिकेत मात्र सरळ होतं. एक मीटर पाण्यात अर्धा तास, चार्जिंगचं झाकण नीट लावलेलं असेल तर.

मित्र माझ्याबरोबर होता. त्याने तिसरा उचलला आणि खाली ठेवलाच नाही.

त्याच्याबद्दल सांगायला हवं. तो वडगावच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. गावातली निम्मी जमीन त्याच्या भावकीची, धरणाला लागून असलेलं रानही त्यांचंच. आमचं घर वस्तीवर. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा दारातून वडिलांना जयभीम म्हणाला आणि आत येऊन माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायला. त्याच्या आजोबांनी ते कधी केलं नसतं हे आम्हाला माहीत होतं आणि त्यालाही. आता वाटतं, आम्ही त्या पाण्याचं फार कौतुक केलं. तांब्याभर पाण्यावर आम्ही त्याचं सगळं पारखून घेतलं असं समजलो.

आदल्या वर्षी धरणाकाठी तंबूवाल्यांचा एक कॅम्प झाला होता. त्यांनी गुरांची पाण्यावर जायची वाट तारेने बंद केली. त्याविरुद्ध पत्रक मी लिहिलं आणि तळाशी दोन नावं होती, माझं आणि त्याचं. त्याच्या घरून त्याला बोलणी बसली होती, कॅम्पवाल्यांशी त्याच्या चुलत्याचं बरं होतं. तरी त्याने नाव काढलं नाही. मी त्याच्यावर विश्वास का टाकला असं नंतर दादाने मला विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं.

दुकानात त्या दिवशी मी समुद्राचा रेडिओ घेतला नाही. पुस्तिकेच्या तळाशी होतं की तो वापरायला परवाना लागतो. मी फोन केले, मेल लिहिली, आणि दोन आठवड्यांनी कळलं की तो संच समुद्रातल्या बोटींसाठी आहे, त्याच्या लहरी त्यांच्यासाठी राखलेल्या आहेत. धरणावर मासे धरायला तो असाच घेऊन बसता येणार नाही. बिनपरवाना चालतात ते वेगळे संच, अर्ध्या वॅटचे, कमी पल्ल्याचे.

मित्राला हे पटेना. म्हणाला, आंदर मावळात रेडिओ तपासायला कोण एसटीने येणार आहे, एसटीच येत नाही. बाकीचे हसले. मी म्हणाले, आपल्या पत्रकात कॅम्पच्या बोटींना परवानगी नाही हा तिसरा मुद्दा आहे. उद्या त्यांनी आपल्या हातात बिनपरवाना संच दाखवला तर आपण कुठल्या तोंडाने बोलायचं? बैठकीत ते मान्य झालं. तो शेवटी एवढंच म्हणाला, "बघ बाई. अर्ध्या वॅटवर तुझी तत्त्वं किती लांब जातात ते."

मग मी बिनपरवान्याच्या संचांमध्ये तसाच जलरोधक शोधायला लागले. महिना गेला. तरंगणारा हवा, बटणं ओल्या बोटांनी दाबता यायला हवीत, वाऱ्यात आवाज ऐकू यायला हवा. होडीला नाही तर जॅकेटला अडकवायची क्लिप हवी, कारण होडी गेली तर रेडिओ होडीबरोबर जाऊन उपयोग नाही. शेवटी एक जोडी मिळाली. ती आल्यावर मी आमच्या दारच्या गुरांच्या हौदात दोन्ही संच दोर बांधून, वर दगड ठेवून, अर्धा तास बुडवले. वडील घड्याळ घेऊन हौदाच्या कडेला बसले. गोठ्यात गाय होती, तिला तेवढा वेळ पाणी मिळालं नाही म्हणून ती ओरडत होती. अर्ध्या तासाने काढले, पुसले आणि एक घेऊन मी रस्त्यापर्यंत चालत गेले. वडिलांचा आवाज आला, "बोला." त्यांना पुढे काय म्हणायचं ते सुचेना, मग त्यांनी हजेरीसारखं माझं नाव घेतलं.

वापरायचे नियम मी एका कागदावर लिहिले. चॅनल पाच. दर अर्ध्या तासाने पाण्यावरच्याने हाक द्यायची, काठावरच्याने उत्तर द्यायचं. तीन हाका चुकल्या तर दुसरी कायाक काढायची. पाचही जणांनी सही केली. पहिले काही रविवार सगळं घड्याळासारखं चाललं. हाकांमध्ये विनोद व्हायचे, दादा काठावरून जेवणाचा मेनू वाचायचा.

मार्चमधल्या एका रविवारी मी पाण्यावर होते आणि मित्र काठावर. भाऊ कामावर होते, दादा भाड्यावर. सकाळच्या हाकांना त्याने उत्तरं दिली. मी सोंड वळून आत गेले. दुपारी घाटावरून वारा सुटला, या दिवसांत सुटतो तसाच, पण त्या दिवशी जास्त. गळाला मोठी मरळ लागली होती. तिच्या नादात मी वल्हं मांडीवर ठेवलं, दोरीला अडकवलं नाही. होडी कलंडली, सावरली, आणि वल्हं पाण्यात पडून वाऱ्याबरोबर निघालं. हाताने वल्हवून ते गाठता येईना. मी बुडालेल्या एका झाडाच्या शेंड्याला धरलं आणि रेडिओचं बटण दाबलं.

उत्तर आलं नाही.

पुन्हा दाबलं. माझं नाव, मी कुठे आहे ते, वल्हं गेलंय ते. बटण सोडून ऐकायचं, मग पुन्हा. संच चालू होता, दिवा लागत होता, बॅटरी भरलेली होती. हात भरून आले की मी हात बदलायचे, आणि बदलताना फांदी क्षणभर नुसत्या बोटांत असायची. जॅकेट अंगावर होतं म्हणून बुडाले नसते हे डोक्याला कळत होतं. पण वारा होडी खेचत होता आणि धरणाच्या त्या अंगाला माणूस म्हणून कुणी नव्हतं. सगळ्यात जास्त भीती वाटली ती पाण्याची नाही. मला वाटलं, मी चुकीचा रेडिओ निवडला. सोंडेच्या अलीकडे तो बिचारा हाका मारतोय आणि माझ्या अर्ध्या वॅटमुळे त्याला काही ऐकू येत नाहीये.

वारा पडायला दोन तास गेले असतील. गांडुळांच्या डब्याचं झाकण वल्ह्यासारखं वापरत मी जवळच्या काठाला लागले, होडी दगडाला बांधली आणि डोंगराच्या अंगाने चालत निघाले. पोचले तेव्हा दिवस कलला होता. मित्र पाण्याच्या कडेला उभा होता, दुसरी कायाक अर्धी पाण्यात ओढलेली. मला बघून मटकन खाली बसला. "किती हाका मारल्या तुला," म्हणाला. "घसा बसला. तुझा रेडिओच पोचत नाही गं." त्याचे डोळे ओले होते. मी त्याला धीर दिला. मी त्याला! त्याच्या हातातून संच घेतला तर त्यावर चॅनल तीन दिसला. खिशात बटण दाबलं गेलं असेल म्हणून मी तो परत पाचवर आणला आणि ते विसरून गेले.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. वल्हं बांधलं नाही ही चूक सांगितली, आणि दुसरी, मोठी: संच मी निवडला, कायद्याच्या हट्टापायी कमी ताकदीचा निवडला, त्यामुळे काठावरच्या माणसाला मला गाठता आलं नाही. त्याचा त्यात काही दोष नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण दादा त्याच्याकडे बघत होता. मी बसले. मित्र चटईच्या काड्या उपटत होता. मग तो हळूच म्हणाला की आता तरी समुद्राचा संच घेऊ या. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

बदलून मिळेल का, निदान दुकानदाराच्या ओळखीने विकता येतील का, हे बघायला मी दोन्ही संच लोणावळ्याच्या त्या दुकानात नेले. ते त्याच्याकडचे नव्हते, तरी त्याने बघितले. विचारलं, पाणी गेलं का? नाही. बंद पडला? नाही. किती अंतर होतं? मी सांगितलं. त्याने कागदावर पेनाने पाणी, सोंड, काठ असं मला काढायला लावलं. मग म्हणाला, "मॅडम, पोचायला पाहिजे. तुम्ही पानं वाचता, तर जागेवर जाऊन एकदा बघा ना."

त्यावर राग यायला हवा होता तो आला नाही, लाज वाटली. मी हौदात बुडवून बघितलं होतं, रस्त्यापर्यंत चालून बघितलं होतं. सोंडेपलीकडून मुद्दाम कुणाशी बोलून बघितलं नव्हतं, कारण पहिल्या रविवारपासून आमच्यातलं कुणी ना कुणी तिकडून बोलतच होतं. हे दुकानात उभं असताना लक्षात आलं. धाकटा तिकडून बोलला होता, दादा बोलला होता, तेव्हा ऐकू आलं होतं. मग?

बुधवारी सुट्टी टाकून मी गेले. काठावर वस्तीवरची एक मावशी म्हशी पाण्यावर आणते. तारेच्या कुंपणाला वळसा घालून तिला यावं लागतं, रोज. तिच्या हातात एक संच दिला, बटण कसं दाबायचं, बोलून झाल्यावर कसं सोडायचं ते दाखवलं. ती म्हणाली, यात काय, पोरी दिवसभर हेच करत्यात. मी सोंड वळून गेले, त्याच झाडापाशी होडी नेली, शेंडा धरला आणि हाक दिली.

"आयकू येतंय," मावशी म्हणाली. कानात बोलल्यासारखा स्वच्छ आवाज. "तुला कुटवर जायचंय? म्हस बसलीया पान्यात, ती उठली तर मी जानार हाय." मी आणखी आत गेले. आवाज खरखरला, पण शब्द कळत होते. ती म्हशीला शिव्या देत होती आणि बटण सोडायला विसरली होती.

मी परत आले. तिला सांगितलं की त्या रविवारी मी इथूनच हाका मारत होते आणि त्याला ऐकू गेल्या नाहीत.

मावशीने संच माझ्या हातात दिला. "त्याला कशा येतील? त्यो हितं न्हवताच," ती म्हणाली. "त्या तंबूवाल्याकडं गेलता, हे काळं यंत्र घिऊन. नवरा-नवरीचं फटू काढत व्हते पान्यात, एकजन होडीत आन एकजन काठाव, तर बोलाया पायजे ना. त्यांचं बी असंच यंत्र व्हतं. लय येळानं पळत आला."

चॅनल तीन. मला आधी तोच आकडा आठवला.

मित्र कॅम्पवरच सापडला. तारेच्या आत, जेटीवर, लाइफ जॅकेटं वाळत घालत होता. मला बघितल्यावर जॅकेट हातातच राहिलं, म्हणजे त्याला विचारायची गरज पडली नाही. तरी मी विचारलं. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, तासाभरासाठी दिला होता, त्यांचा एक संच बंद पडला होता. वारा सुटेल हे त्याला कसं कळणार. मग जरा जोर येऊन म्हणाला, की तो दोन महिने त्यांच्याशी बोलतोय, गुरांच्या वाटेपुरती तार काढायला ते जवळपास तयार झालेत, आणि हे असं उपयोगी पडूनच होतं. "मी काम करत होतो. तू पत्रकं वाटत होतीस."

हे खरं असेलही. मी तेव्हाही ते मनात बाजूला ठेवलं. मी त्याला म्हणाले, रेडिओ दिलास ते राहू दे. वाऱ्याचंही राहू दे. मी सगळ्यांसमोर उभी राहिले तेव्हा तू चटईवर बसून होतास. तेव्हा का बोलला नाहीस?

"मी तुला सांगितलं नव्हतं उभी राहा म्हणून," तो म्हणाला. "तूच राहिलीस."

 तो वाईट हेतूने बोलला नव्हता, त्याला ते खरंच तसं वाटत होतं. मी माझ्या हाताने दार लावून घेतलं होतं आणि तो फक्त आत बसून राहिला होता. आमच्या पद्धतीने विषय संपला होता. त्याला नुसतं गप्प राहायचं होतं, आणि ते नियमातच बसत होतं.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं.  त्यांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हणाले, बोलणं मागे घेणार. ते म्हणाले, त्यांच्या बैठकांमध्ये असं कधी कुणी केलं नव्हतं, केलेली कबुली कुणी मागे घेतली नव्हती. "आता वाटतंय, करायला पायजे होतं काहींनी." मी त्यांच्याकडे बघितलं. कुणाबद्दल ते, हे त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी मी दुसऱ्यांदा उभी राहिले. म्हणाले, मागच्या बैठकीत मी जी दुसरी चूक सांगितली ती माझी नव्हती, ती मी मागे घेते. रेडिओ पोचतो. त्या दिवशी काठावर कुणी नव्हतं. मी त्याचं नाव घेतलं नाही. ते त्याने घ्यावं म्हणून मी बसले नाही, उभीच राहिले.

थोरला भाऊ म्हणाला, झालं ना ताई, आलीस ना तू सुखरूप, कशाला उकरायचं. धाकटा मान खाली घालून बसला. मला धाकट्याकडून आशा होती, कारण एकदा त्यानेच ओल्या कपड्यांनी वाट बघितली होती. त्याने मान वर केली नाही. नंतर कळलं, तो कॅम्पवर जातो हे दोघा भावांना आधीपासून ठाऊक होतं. जे दर रविवारी सकाळी माझ्या डब्यातलं खात होते त्या दोघांना ठाऊक होतं, आणि मी चटईसमोर उभी राहून स्वतःला दोष देत होते तेव्हा त्यांनी मान डोलावली होती.

दादाने मात्र सरळ मित्राकडे बघून म्हटलं, "ऊठ."

तो उठला. क्षणभर मला वाटलं, बोलतोय. त्याने पँट झटकली, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाला की तिकडे लोक यायची वेळ झालीये. गाडीचा आवाज कॅम्पच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही बसून होतो. थोरला म्हणाला, बघ, तोडलंस तू. मी तोडलं होतं! मी भांडले, आवाज चढवून भांडले, जे जे तोंडाला आलं ते बोलले, त्यातलं काही आज बोलणार नाही. दादा मध्ये पडला नाही. माझं संपल्यावर त्याने थर्मासमधला चहा ओतून दिला.

भाऊ हळूहळू यायचे थांबले. समुद्राचा संच कुणी घेतला नाही. एक कायाक त्यांच्या वाटणीला गेली. दुसरीवर आता आळीपाळीने दादा आणि मी जातो. मी पाण्यावर असते तेव्हा दादा काठावर असतो, आणि अर्ध्या तासाची हाक पाच मिनिटं उशिरा झाली तरी तो ओरडतो. गुरांची वाट अजून बंद आहे. तार काढू असं कॅम्पवाले दर महिन्याला म्हणतात. नवीन पत्रक मी लिहिलंय, तळाशी या खेपेला एकच नाव आहे.

परवा सोंडेच्या अलीकडे असताना कॅम्पच्या कायाक समोरून आल्या, पाच-सहा, पुण्याहून आलेली मंडळी, सगळ्यांना नवी कोरी जॅकेटं. त्यांच्या पुढे तो होता. वल्हं कसं धरायचं ते त्यांना शिकवत होता आणि चांगलं शिकवत होता, दोरीला आधी अडकवा म्हणून सांगत होता. जवळून जाताना त्याने हात केला. मी केला नाही. माझ्या गळाला काही लागलेलं नव्हतं, वल्हं मांडीवर, दोरीला बांधलेलं होतं, दोन्ही हात मोकळे होते.